मीठ शेवटी

सकाळी फक्त कपांची अदलाबदल झाली. जयवंताबाईला साखर वर्ज्य, म्हणून तिचा चहा छोट्या भगोण्यात वेगळा होतो. पण घरातले कप सगळे एकाच पेटीतले, एकाच निळ्या फुलाचे, आणि सून आरती ऑफिसच्या घाईत जयवंताने केलेला चहा कपांत ओतून, ट्रे ठेवून निघून गेली तेव्हा कोणता कप कुणाचा हे तिने पाहिलं नाही. जयवंताने पहिला घोट घेतला आणि गोडी जबड्याच्या मुळाशी जाऊन झोंबली. कित्येक वर्षं न भेटलेलं माणूस एकाएकी दारात उभं राहावं तसं झालं. तिने मान वर केली. समोरच्या खुर्चीत तिची नणंद, अकोल्याची शकुन अक्का, तिच्या वाटणीचा बिनसाखरेचा चहा अर्धा संपवून बसली होती. "अक्का, थो कप माहा" एवढं जयवंताच्या ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात अक्काने ओठांवरून जीभ फिरवली, कप बशीत ठेवला आणि निवाडा द्यावा तशा आवाजात म्हणाली, "साखर लय झाली वं, जयवंते. तुह्या हाताले काई अंदाज येत नाई तं नाईच."

जयवंता बोलायची थांबली. अक्काचा चेहरा तिने नीट पाहिला, भाजी घेताना वांग्याचा देठ पाहावा तसा. तिथे खोटं बोलल्याचं काही नव्हतं. होतं ते इतकंच, की डोळे कपाकडे नव्हते, जयवंताच्या तोंडाकडे होते. बोललेलं लागू पडलं की नाही ते तपासत होते. दिवाळीनंतर अक्काला मोठा ताप येऊन गेला, दवाखान्यात राहावं लागलं, औषधं फार जहाल होती, हे सगळं फोनवर कळलं होतं. तोंडाला चव राहिली नाही हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. अक्काने ते कुणाला कळूच दिलं नसणार. अक्का सांगेल तरी कसं. जन्मभर दुसऱ्याच्या भांड्यातली चव सांगत आलेल्या बाईने आपली जीभ मेली हे कोणत्या तोंडाने सांगावं. जयवंताने गोड चहाचा आणखी एक घोट घेतला. डॉक्टरने सांगितलेलं सगळं आठवत असूनही घेतला, सावकाश, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "व्हय अक्का. झाली खरी जास्त." आणि दोन्ही कप उचलून ओट्याकडे गेली.

ओट्याच्या कोपऱ्यात तिचा मुका कुकर उभा होता. त्याचं खरं नाव स्लो कुकर, पण शिट्टी म्हणून देत नाही, आच म्हणून दिसत नाही, तेव्हा घरात आणला त्याच दिवशी जयवंताने त्याला मुका म्हटलं आणि तेच नाव चाललं. आरतीने तो मागवला तेव्हा तिने तोंड वाकडं केलं होतं. सकाळी टाकायचं आन सांजच्याले खायाचं, हा सैपाक का तेरवीची वाट पाहनं, असं ती शेजारणीला म्हणालीही होती. मग एकदा कुणी घरी नसताना तिने त्यात हरभऱ्याची डाळ टाकून पाहिली, आणि दुपारी पडल्या पडल्या वास आला तेव्हा ती उठूनच बसली. तो वलगावचा, माहेरचा वास होता. तिची माय गोवऱ्यांच्या आरावर मातीचं गाडगं ठेवून भाजीच्या मळ्यात जायची, फुलं तोडायची, गवार तोडायची. आणि उन्हं चढल्यावर पोरं घेऊन घरी यायची तेव्हा गाडग्यातली डाळ कुणी न ढवळता लोण्यासारखी झालेली असायची. मूठभर डाळीत घर जेवायचं. त्या दिवसापासून मुक्याशी तिचं जमलं. सांजच्या बाजारात उतरत्या भावाने मिळणारा मलूल पालक, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, एखादं वांगं, एखादं भेदरं, म्हणजे टोमॅटो. सकाळी आत टाकायचं, झाकण लावायचं आणि दिवसभर त्याच्यावर एक कान ठेवायचा. तो बोलत नाही हे खरं, पण झाकणाच्या काचेवर आतून थेंब जमतात, घरंगळतात, पुन्हा जमतात. घरातल्या कुणापेक्षाही तिला त्याचं जास्त कळायचं.

आज त्यात डाळभाजी होती, आणि आजची डाळभाजी साधी नव्हती. येत्या रविवारी नातीचं, रागिणीचं साक्षगंध, साखरपुडा. वरूडचे पाहुणे येणार, संत्र्याच्या बागांचे लोक, खाणं जाणणारे. जेवण मी घरी करीन, माझ्या हातचं, हे जयवंताने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. रागिणीच्या लग्नातलं तिला तेवढंच हवं होतं. सोनं, साड्या, हॉल यातलं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिने विचारू दिलंही नव्हतं. पण अक्का परवा अकोल्याहून उतरली आणि बॅग ठेवायच्या आधी किशोरला म्हणाली, "आचारी लाव बापा. तुह्या मायच्या हातचं मीठ कंदी कुठं जाईन काई भरोसा नाई. सोयऱ्याईसमोर हसं होईन." आणि किशोर, पोटचा पोरगा, जो जन्मापासून याच हातचं खाऊन वाढला, तो हसला. म्हणाला, "असं करू, आत्या. गुरुवारी आई काईतरी करते, तुमी खाऊन पाहा. तुमी बरोबर म्हनलं तं घरीच करू." जयवंता तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी मात्र तव्यावर टाकली तेव्हा एका बाजूने इतकी पातळ झाली होती की फुगलीच नाही. आज तो गुरुवार होता. कपातल्या चहाची गोडी अजून दाढेत होती, आणि तिला वाटत होतं, देव आपल्याकडे एकदा तरी पाहतो, पण बघा कसा पाहतो.

मिठाचं प्रकरण अकोल्याचं. लग्न होऊन ती नवऱ्याच्या, देवीदासच्या घरात आली तेव्हा त्या घरात एक रीत होती. मीठ शेवटी, आणि मीठ अक्का घालणार. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. सासूने तिच्या हाती दुसरं काही देता येईना म्हणून मिठाची चिनी मातीची बरणी दिली. सुनेने भाजी चिरावी, वाटण वाटावं, चुलीपुढे घामाने निथळावं, सगळं शिजवावं; मग अक्काने यावं, झाकण काढावं, वास घ्यावा, पदर सावरून बरणीत हात घालावा आणि मीठ सोडून ढवळावं. त्या एका ढवळण्याने सैपाक अक्काचा व्हायचा. चांगला झाला तर अक्काने सांभाळला, बिघडला तर सुनेने बिघडवला. जयवंता सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची आणि कधी कधी गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, तळ खरवडलेला असायचा. पाणी पिऊन निजायची. सकाळी अक्का भरल्या डोळ्यांनी, अगदी खऱ्या मायेने म्हणायची, "उपाशी निजली काय वं? मागितलं काहून नाई?" हे वाक्य जयवंताने इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. देवीदासलाही नाही. काही गोष्टी सांगायला गेलं की आपणच हलके ठरतो. लोक म्हणतात, बरोबरच तर आहे, मागायचं होतं.

आणि मग ती संक्रांत. लग्नानंतरची पहिली. तिचा भाऊ पंजाबराव वलगावहून वाण घेऊन आला, डोक्याला तेल, अंगात नवा सदरा, काखेत मळ्यातल्या वांग्यांची पिशवी. तिने त्याच्यासाठी तुरीचे ओले दाणे, सोले, सोलून ठेवले होते. बोटांची नखं हिरवी झाली होती. सोल्यांची भाजी त्याच्या जिवाची. लहानपणी तो गाडग्याचा तळ बोटाने पुसून खायचा. भाजी उतरली. अक्का आली, झाकण काढलं, वास घेतला, क्षणभर थांबली. जयवंताला तो क्षण अजून दिसतो. अक्काच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, चेहऱ्यावर काहीतरी उतरलं होतं, कुणीतरी तिच्या हातातलं ओढून घेतल्यासारखं. मग अक्काने बरणीत हात घातला, मूठ सोडली, आणि पुन्हा हात घातला, पुन्हा मूठ सोडली, आणि जयवंताच्या डोळ्यांत पाहत ढवळलं. पंजाबरावाने पूर्ण ताट संपवलं. पाण्याचा तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला. अक्का उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "काय सांगाव पंजाबराव, पोरीच्या हाताले अंदाज नाई. पन आमी सांभाळून घेऊन राहिलो." आणि पंजाबराव हसला. तो हसला, हे जयवंताच्या आत कुठेतरी हाडात गेलं. ज्या माणसाने तिच्या हातची पहिली करपलेली भाकरी शेजाऱ्यांना दाखवत मिरवली होती, तो हसला. मग ती गोष्ट वलगावला गेली आणि तिथून पुढे लग्नांत, बारशांत, प्रत्येक पंगतीत पंजाबराव सांगायचा, "जयवंतीकडं जेवाले जाचं तं घरची विहीर संगं न्या रे." लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची, पदर तोंडाला लावून. शेवटी तो अमरावतीच्या दवाखान्यात पडला होता, पोटात काही ठरत नव्हतं, तेव्हा तिने मुगाचं पातळ वरण करून नेलं. चमचा तोंडाशी नेला तर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मीठ पाहून टाकलं ना?" आणि हसला. दुसऱ्या दिवशी तो गेला. खरं सांगायची वेळ तिने उद्यावर ठेवली होती.

दुपारी घरात ती आणि अक्का, दोघीच. वास आता भिंतींना लागला होता. लसणाचा, पालकाचा, शेंगदाण्याचा, सगळा एक झालेला. जिन्यावरून जाणारी कामवाली दारातून डोकावून "काय शिजवलं वो काकू, पाय निघून नाई राहिला" असं म्हणून गेली. अक्का मुक्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली होती, चष्मा पुसत होती, आणि तिचं नाक शांत होतं. जयवंता चोरून पाहत राहिली. पूर्वी ही बाई अंगणातून सांगायची की फोडणीत हिंग पडला नाही.

"काय टाकलं यात?" अक्काने विचारलं.

"वळखा."

"वळखाचं काय त्यात. तूच सांग."

"डाळभाजी हाय, अक्का."

"मंग, मी तेच म्हनून राहिली. वास येऊन राहिला ना पालकाचा." अक्काचा हात सवयीने झाकणाकडे गेला.

"उघडू नका. वाफ गेली तं मुक्याले अखीन घंटाभर लागते."

"तुहा मुका अन् तू. आमच्या टाइमले झाकन काढल्याशिवाय सैपाक झाला नाई कंदी." अक्काने झाकण उचललंच. वाफ तिच्या चष्म्यावर बसली. ती वाकली, दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला. जयवंताला दिसलं ते एवढं: म्हातारी बंद खोलीचं दार ठोठावत होती आणि आतून कुणी उत्तर देत नव्हतं. झाकण परत ठेवताना अक्काचा नेम चुकला, काच किणकिणली. जयवंताला जे वाटलं ती कीव होती, तिला ती ओळखू आली. रांडावलेल्या पोरीला एक बरणी मिळाली होती आणि ती तिने आजवर धरून ठेवली, एवढीच तर गोष्ट, असं कुणीतरी तिच्या आतून म्हणालं. पण त्याच वेळी अक्का स्टुलावर बसत म्हणाली, "मीठ माह्यासमोर टाकजो. मले दाखवून," आणि ती कीव तिथल्या तिथे करपली. जयवंताला बरं वाटलं. कीव घेऊन तिला काहीच करता आलं नसतं.

संध्याकाळी तिने टेबल आवरलं. पापडाचा डबा माळ्यावर गेला. लोणच्याची बरणी फ्रिजच्या मागच्या खणात. ठेचा तिने केलाच नाही. रागिणी ऑफिसातून येऊन हात धुता धुता म्हणाली, "आजी, ठेचा नाई आज?" तर जयवंता म्हणाली, "भाजीतच तिखट हाय." भाकऱ्या झाल्या, भात झाला. अक्का अंघोळीला गेली तेव्हा कढल्यात तेल तापवून तिने लसूण लाल केला, सुकी मिरची टाकली आणि फोडणी मुक्यात ओतली. चर्र आवाजाबरोबर सारं घर खोकलं. मीठ तिने घातलं नाही. मिठाचा डबा उघडला, हात आत घातला, खडे बोटांत घेतले, मुठीचं वजन पाहिलं, इतकं बरोबर होतं ते वजन, आणि मीठ पुन्हा डब्यात सोडलं. डबा हाताशी, ओट्यावर पुढेच ठेवला. अक्का आली तेव्हा म्हणाली, "टाकलं मीठ, अक्का. तुमची वाट पाहिली असती, पन पोट्टे भुकेजले."

किशोर, आरती, रागिणी बसले. पहिला घास मोठ्या माणसाचा, ही त्या घराची जुनी चाल. अकोल्याहून आलेली, अक्कानेच लावलेली. जयवंताने अक्काच्या ताटात भाकरी चुरली, वरून डाळभाजी वाढली, दातांना त्रास नको म्हणून चांगली मऊ कालवून दिली. सगळे थांबले. अक्काने घास घेतला, हळूहळू फिरवला, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं.

"तिखट बरोबर हाय," अक्का म्हणाली. मग ती थांबली, ज्या जागी जन्मभर थांबत आली होती त्याच जागी. "मीठ जास्त झालं, जयवंते. म्या म्हनलं नव्हतं का किशोर? सोयऱ्याईसमोर असं झालं तं?"

किशोरने आईकडे पाहिलं, थोडं हसून, थोडं चुकचुकून, आणि घास तोंडात टाकला. आरतीने टाकला. रागिणीने टाकला. जयवंता एकेकाच्या गालाकडे पाहत होती. गाल हलले, थांबले, पुन्हा हलले. रागिणीने चमचा खाली ठेवला. "अकोल्याची आजी," ती जपून म्हणाली, "यात तं मीठच नाई."

"असं कसं?"

"एक कन नाई, आत्या," आरती म्हणाली. "अळणी हाय."

अक्काने दुसरा घास घेतला. मग तिसरा, घाईने. ती चावत होती आणि तिचे डोळे टेबलावरून फिरत होते, हरवलेलं काहीतरी कुणाच्या तरी चेहऱ्यावर सापडेल म्हणून. ही घटका जयवंताने किती वेळा मनात रचली होती. त्यात पंजाबराव बसलेला असायचा, माय बसलेली असायची, पंगतीतले सगळे हसणारे बसलेले असायचे. इथे तिघंच होते. आणि त्यातला एक, तिचा पोरगा, कपाळाला आठ्या घालून तिच्याकडेच वळला. "आई, तू मीठ विसरली? आत्या आल्यापासून सांगून राहिल्या, आन तू..." जयवंताला पायाखाली पायरी नसल्यासारखं झालं. हे तिने धरलंच नव्हतं. अक्काला उघडं पाडायला तिने अळणी रांधलं, आणि अळणीची साक्ष पुन्हा तिच्याच नावावर पडत होती.

ती उठली. मुक्याचं मातीचं भांडं दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं. मिठाचा डबा आणला. "विसरली नाई," ती म्हणाली. "ठेवलं व्हतं." तिने हात डब्यात घातला, न पाहता, किशोरच्या डोळ्यांत पाहत मूठ सोडली, आणि एकदाच ढवळलं. तिघांच्या ताटात पुन्हा वाढलं. किशोरने घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मग भाकरीसाठी हात लांबवला. रागिणी म्हणाली, "आजी, रविवारी हेच कर ना वं." ताटांवर माना खाली गेल्या.

अक्काचं ताट बाकी होतं. जयवंताने तिलाही वाढलं. अक्काने घास घेतला. तिचा चेहरा आता लहान दिसत होता.

"आता?" अक्काने विचारलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं. "आता बरोबर हाय का?"

"तुमीच सांगा ना, अक्का," जयवंता म्हणाली.

सगळ्यांनी मान वर केली. अक्का चावत राहिली. फार वेळ चावत राहिली. मग गिळलं आणि ताटाकडे पाहत म्हणाली, "बरोबर हाय. चांगलं झालं. घरीच करा रविवारचं, किशोर." जयवंताने ते ऐकलं. ज्या शब्दांची वाट पाहत तिने पंजाबरावाची विहिरीची थट्टा जन्मभर सोसली, ते शब्द आले होते, आणि ज्या जिभेवरून आले तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने आपल्या ताटात घास केला. मीठ बरोबर होतं. ते तिला ठाऊकच होतं, खायच्या आधीपासून.

जेवणं झाली. पोरं बाहेरच्या खोलीत गेली, टीव्हीवर बातम्या लागल्या. अक्का उठली नाही. जयवंता भांडी गोळा करत होती; मुका अजून कोमट होता, झाकणावर आतून थेंब धरले होते. अक्काचा आवाज आला, अगदी हळू, भांड्यांच्या आवाजात लपून बसेल असा.

"तुले सकाळीच समजलं व्हतं ना. चहाच्या वक्ती."

जयवंताने ताट ताटात ठेवलं. "व्हय."

"माह्या कपात साखर नव्हती."

"नव्हती."

अक्का काही वेळ टेबलावरच्या भाकरीच्या चुऱ्यावरून बोट फिरवत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यात काहीतरी होतं जे जयवंताने अकोल्याच्या चुलीपुढे बसून, पाणी पिऊन निजताना, स्वतःच्याच घशात ऐकलं होतं. "मंग दुसरा कप काहून नाई देला वं?"

जयवंता नळाकडे वळली. पाणी सोडलं. हात धुतले, बोटांच्या फटींतून, जिथे मीठ चिकटून राहतं तिथून.

"तुमी मागितला नाई, अक्का," ती म्हणाली.